आमचा बडोद्याचा वाडा

आमचं आडनाव गायकवाड. महाराष्ट्रात या आडनावाची माणसं किती आहेत हे बघायचं असेल, तर कुठल्याही एसटी स्टँडवर उभं राहून "ओ गायकवाड" अशी हाक मारावी. निम्मं स्टँड वळून बघतं. पण आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक समजूत चालत आली आहे, की बाकीचे नुसते गायकवाड आणि आम्ही तेवढे बडोद्याचे. पुरावा काय, असं विचारलं की आमचे वडील आढ्याकडे बघायचे. बडोद्याच्या घराण्याचं मूळ गाव खेड तालुक्यातलं दावडी. आमचं गाव तिथून दोन डोंगर पलीकडे. "मध्ये डोंगर आला म्हणून नातं तुटतं का?" हा वडिलांचा युक्तिवाद असे. चाळीत नळाला पाणी आलं नाही, की ते रिकाम्या बादलीकडे बघून म्हणायचे, "तिकडे बडोद्याला एवढा वाडा पडलाय आणि आपण इथे रांगेत."

हे वाक्य मला वारशात मिळालं. दुसरं काही मिळालं नाही. बँकेत आयुष्यभर कारकुनी केली, बोरिवलीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला आणि सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून भांडण निघालं की मी हळूच म्हणायचो, "आमचा बडोद्याचा वाडा बघितलात तर नुसत्या पोर्चमध्ये तुमच्या सगळ्या गाड्या मावतील." बायको रत्नागिरीकडची. एकदा ती चारचौघांत म्हणाली, "माझ्या माहेरी आंब्याची चार कलमं आहेत. ती निदान दाखवता तरी येतात." त्या रात्री मी बडोद्याला जायचं ठरवलं.

एका दिवसात जाऊन यायचं, हेही मीच ठरवलं. मुंबई ते बडोदा जवळजवळ चारशे किलोमीटर. पहाटे निघायचं, दुपारी वाडा बघायचा, रात्री घरी. "एक रात्र राहू या की," असं मेहुणा म्हणाला. हा मेहुणा आमच्याकडे 'दोन दिवसांसाठी' आला होता आणि अजून आहे. पण ज्या गावात आपला वाडा आहे त्या गावात लॉजवर उतरणं मला प्रशस्त वाटेना.

वंदे भारत आणि शताब्दीची तिकिटं मी चष्मा शोधेपर्यंत संपली. मग पहाटेच्या एका साध्या एक्स्प्रेसची सेकंड सीटिंगची तीन तिकिटं मिळाली. त्यात राजघराण्याची आसनव्यवस्था अशी होती : मी डब्याच्या या टोकाला, बायको त्या टोकाला आणि मेहुणा संडासाशेजारी. गाडीने वैतरणा ओलांडली, डहाणूला चिकूवाले चढले-उतरले, वापी गेलं आणि समोरच्या बाकावरच्या गुजराती काकांनी डबा उघडला. थेपले, छुंदो, तळलेल्या मिरच्या. गुजराती माणूस गाडीत एकटा जेवत नाही, हे पश्चिम रेल्वेच्या वेळापत्रकापेक्षा कितीतरी भरवशाचं आहे. दुसरा थेपला माझ्या हातात आल्यावर काकांनी विचारलं, "कोने त्यां जाओ छो?"

"बडोदा बघायला" म्हणून सुटता आलं असतं. पण मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "आमचा वाडा आहे तिथे. गायकवाड आम्ही."

"एम के!" काका म्हणाले आणि उठून त्यांनी मला खिडकीची जागा दिली. काकूंनी थेपल्यांवर साखरआंबा वाढला. राजवाड्यात काय काय आहे, हे मी वर्तमानपत्रातल्या एका लेखाच्या जोरावर सांगत गेलो आणि लेख संपल्यावर स्वतःच्या जोरावर. सुरत येईपर्यंत बातमी डब्यात पसरली असावी. मेहुणा संडासाकडून मुद्दाम चालत आला आणि कानाशी म्हणाला, "दाजी, तिकडे एक बाई विचारतायत, राजघराण्यातली माणसं सेकंड क्लासने का जातात. मी सांगितलं, साधेपणा."

भरूचला नर्मदा लागली. काकांनी हात जोडले आणि बाजूचा जुना गोल्डन ब्रिज दाखवला. तो १८८१ सालचा आहे. पुलावरून गाडी जात असतानाच त्यांनी मुद्द्याला हात घातला. धाकट्या मुलीचं लग्न जमत आलं होतं. राजवाड्याच्या हिरवळीवर लग्नं होतात. तिथे कार्य व्हावं अशी मुलीची इच्छा होती, पण खर्च काकांच्या आवाक्याबाहेरचा होता. "तमे घरना माणस. जरा ओछुं करावी आपो ने."

मी म्हणालो, "बघतो." बँकेत हा शब्द मी हजारो लोकांना दिला आहे. त्याने समोरच्याचं काम होत नाही, पण तो काउंटरवरून उठतो. काका उठले नाहीत. त्यांनी डायरी काढून माझा फोन नंबर लिहून घेतला.

मियागाम करजणच्या अलीकडे गाडी जी थांबली ती थांबलीच. काका बडोद्याचे मुरलेले रहिवासी. ते म्हणाले, की संस्थानची पहिली रेल्वे इथूनच डभोईला निघत असे. १८६२ साली, खंडेराव महाराजांच्या काळात. छोट्या रुळांवर डबे आणि पुढे इंजिनाऐवजी चक्क बैल. मेहुण्याने खिडकीतून डोकं बाहेर काढून लाल सिग्नलकडे पाहिलं आणि विचारलं, "दाजी, तुमच्या घराण्यातली एखादी जोडी मिळेल का?"

बडोद्याला उतरल्यावर गर्दीत हरवून जाण्याचा माझा बेत होता. तो काकूंनी हाणून पाडला. त्यांनी बायकोचा हात धरून ठेवला होता. काकांचा मुलगा गाडी घेऊन आला होता. "महेल मूकी दऊं," काका म्हणाले. मी रिक्षाचं नाव काढताच ते दुखावले. राजाचे सगे रिक्षात बसले तर बडोद्याचं नाक कापलं जाईल, असा काहीसा त्यांचा सूर होता. आम्ही गाडीत बसलो. सयाजीगंज, मग काळा घोडा. त्या काळ्या घोड्यावर सयाजीराव महाराज बसलेले आहेत. काका म्हणाले, "जुओ, तमारा दादा!" मी घाईघाईने नमस्कार केला. मेहुण्याने वाकून केला.

पुढे विश्वामित्रीचा पूल. भर शहरातून वाहणाऱ्या या नदीत मगरी आहेत. त्या अभयारण्यात वगैरे राहत नाहीत, गावातच राहतात, आणि मोठा पूर आला की रस्त्यांवरही येतात. बडोदेकरांना याचं काही विशेष वाटत नाही. मला वाटलं. गेटावर पितळ उघडं पडल्यावर पळायचं कुठल्या बाजूला नाही, एवढं तरी नक्की झालं.

पुलाजवळच सयाजीबाग, जुन्या लोकांची कमाटीबाग. गाडी हळू करून काका म्हणाले, "संकल्पभूमी अहीं छे." सगळेच गप्प झाले. सयाजीरावांनी १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन ज्या तरुणाला अमेरिकेला, कोलंबिया विद्यापीठात पाठवलं, ते डॉ. आंबेडकर १९१७ साली संस्थानच्या नोकरीसाठी या गावात आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहावं लागलं. खरं काय ते कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढलं. राजा पाठीशी होता, पदव्या खिशात होत्या, तरी गावाने जातच विचारली. आणि मी त्याच गावात एका आडनावावर थेपले, खिडकी आणि मोटार मिळवली होती. मला थोडा वेळ खिडकीतून दुसरीकडे बघावंसं वाटलं.

राजवाड्याच्या फाटकाशी काका आमच्यासोबत उतरले. मुलाला गाडी लावायला पाठवून ते माझ्या शेजारी उभे राहिले; आता घरातल्या कुणाशी तरी ओळख करून दिली जाणार, असा त्यांचा चेहरा होता. तिकिटाच्या खिडकीशी रांग होती. रांगेला वळसा घालून मी पहारेकऱ्याकडे गेलो, खांदे मागे घेतले आणि शक्य तितक्या हळू म्हणालो, "मी गायकवाड."

पहारेकरी उंच होता, मिशा भरघोस होत्या आणि मराठी अगदी स्वच्छ होतं. "बरं," तो म्हणाला.

"म्हणजे... आपले मुंबईचे. मूळ दावडीकडचे."

"अच्छा. मीपण गायकवाड." त्याने छातीवरच्या बिल्ल्याकडे बोट दाखवलं. "तिकीट तिकडे. आत फोटो काढायचे नाहीत."

मागे वळून काकांकडे बघायला मला जेवढं धैर्य लागलं, तेवढं बँकेतल्या ऑडिटलाही लागलं नव्हतं. काका क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग पहारेकऱ्याकडे. मग त्यांनी काकूंना गुजरातीत काहीतरी सांगितलं आणि दोघं जे हसत सुटले, ते रांगेतली माणसं वळेपर्यंत. हसणं ओसरल्यावर काका म्हणाले, "सारुं. हुं पण पहेली वार जाऊं छुं." जन्म बडोद्यात गेला, पण महाल आतून कधी पाहिला नव्हता. त्यांनी खिडकीवर जाऊन सगळ्यांची तिकिटं काढली. मी पैसे पुढे केले तर म्हणाले, "रहेवा दो, महाराज." त्यानंतर मला ते दुसऱ्या कुठल्याही नावाने हाक मारेनात.

लक्ष्मी विलास राजवाडा बाहेरून बघताना पहिली अडचण ही येते, की तो एका नजरेत मावत नाही. घुमट आहेत, मनोरे आहेत, राजपुती छज्जे आहेत, मधूनच युरोपातलं एखादं चर्च डोकावतं. बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट, असं बडोद्यात कोणीही सांगतं; दगडावर हात ठेवून शपथ घ्यायलाही तयार असतात. आराखडा मेजर चार्ल्स मँटचा. कोल्हापूरचा न्यू पॅलेसही त्याचाच. मँट १८८१ साली वारला. आपलं गणित चुकलंय, इमारत कोसळणार, या धास्तीने त्याने जीव दिला अशी दंतकथा सांगतात. मग मद्रासचा वास्तुकार चिझम आला आणि त्याने १८९० साली काम पुरं केलं. इमारत आजतागायत उभी आहे. गणित बरोबर होतं.

आत शिरताना कानाला लावायचं एक यंत्र देतात. प्रत्येक दालनाशी क्रमांक असतो, तो दाबला की आवाज माहिती सांगतो. बायकोला आणि मेहुण्याला हे लगेच जमलं. मला यंत्र समजावून घ्यायची सवय नाही. बँकेत संगणक आले तेव्हाही मी शेजारच्याला समजावून घ्यायला लावलं होतं. माझ्या कानात भलत्याच दालनाचा आवाज सुरू झाला आणि काका विश्वासाने माझ्याकडे बघत होते. वाड्याची माहिती घरच्या माणसाने द्यावी, ही त्यांची अपेक्षा अजून सुटली नव्हती. ऐकू येईल ते मी मोठ्याने सांगत गेलो. तलवारी, कट्यारी, भाले मांडलेल्या दालनात उभा राहून मी म्हणालो, "ही व्हेनिसच्या कारागिरांनी केलेली मोझॅकची फरशी, आणि या बेल्जियमच्या रंगीत काचांच्या खिडक्या." काकांनी एका ढालीकडे बराच वेळ बघितलं. "आमां काच क्यां?" असं काकूंनी विचारलं. दरबार हॉलमध्ये पोचलो तेव्हा खरी फरशी पायाखाली होती, खऱ्या काचांतून उजेड येत होता आणि माझा कान धारदार पात्यांबद्दल ऐकत होता. तिथे मात्र मी गप्प बसलो. गप्प बसावं असाच तो हॉल आहे. मोठा आहे म्हणून नाही. मोठे हॉल आपण लग्नाकार्यात रोज बघतो. हा मोठा असून भपकेबाज वाटत नाही, आणि एवढ्या पैशात हे साधणं फार कमी राजांना जमलेलं आहे.

सयाजीरावांच्या तसबिरीसमोर मेहुण्याने मला गाठलं. त्याच्या कानातलं यंत्र नीट चालत असल्यामुळे त्याला इतिहास कळलेला होता.

"दाजी, हे महाराज मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. नाव गोपाळ. शेतकऱ्याचा मुलगा. मल्हाररावांना इंग्रजांनी काढलं, आणि १८७५ साली जमनाबाईसाहेबांनी याला दत्तक घेतलं. बारा वर्षांचा होता, लिहिता-वाचताही येत नव्हतं. त्या साली तुमचे पूर्वज कुठे होते?"

"शेतात," मी म्हणालो.

"हाही शेतातच होता," मेहुणा म्हणाला. "म्हणजे तुमच्यात आणि राज्यात फरक एवढाच पडला, की शोधणारी माणसं दोन डोंगर अलीकडून वळली."

वडील असते तर त्यांनी आढ्याकडे बघितलं असतं. मीही बघितलं, आढं सुंदर होतं. पण शोधणारी माणसं वळली हे बडोद्याच्या दृष्टीने बरंच झालं, हे मला तिथेच पटलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या मुलाने राजा झाल्यावर १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत धाडलं नाही तर बापाला दंड. काकांनी सांगितलं, त्यांच्या आजोबांनी असा दंड भरला होता. दोनदा भरल्यावर त्यांनी हिशेब केला आणि पोराला शाळेत पाठवणं स्वस्त पडतंय असं लक्षात आल्यावर काकांचे वडील शिकले. आमच्या खानदानातलं कुणी गादीवर असतं तर सक्ती कसली केली असती? "बघतो" म्हटलं असतं.

आवारातच महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे. राजपुत्रांच्या शाळेची इमारत होती ती. राजा रविवर्म्याची चित्रं तिथे आहेत आणि बायको खरं तर त्यासाठीच आली होती, हे मला तिथे गेल्यावर कळलं. नव्या राजवाड्यासाठी सयाजीरावांनी रविवर्म्याकडून चौदा पौराणिक चित्रं करून घेतली. पुढे त्याने छापखाना काढला, आधी मुंबईत, मग लोणावळ्याजवळ मळवलीला, आणि आपल्या आज्यांच्या घरातल्या भिंतींवर देव आले ते तिथून. विश्वामित्र-मेनकेसमोर बायको उभी राहिली ती हलेना. मी घड्याळ दाखवलं. ती म्हणाली, "तुमचा वाडा मी बघितला. आता मला माझं बघू द्या." तिच्या आजीच्या घरात याच चित्राचा ओल येऊन पिवळा पडलेला कागद होता, एवढंच ती पुढे म्हणाली. असल्या ठिकाणी नवऱ्याने घड्याळ खिशात ठेवावं. मी ठेवलं, आणि परतीची गाडी तिथेच सुटली.

म्हणजे प्रत्यक्षात ती स्टेशनातून नंतर सुटली, पण त्याआधी काकांनी सेव उसळ खायला नेलं. बडोद्यात सेव उसळीच्या गाड्या पावलोपावली आहेत. उसळ बघून माझा मराठी बाणा जागा झाला. "ही आमचीच. आमच्याकडून इकडे आली," असं म्हणून मी तर्री वाढवून मागितली. विकणाऱ्याने एकदा काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "आपो, महाराज छे." त्यानंतरच्या अर्ध्या तासाबद्दल एवढंच सांगतो, की काकांच्या घरी चहाला जायची वेळ आली तेव्हा मी नको म्हणण्याच्या स्थितीत नव्हतो. तोंडातून शब्दच फुटत नव्हता.

आरक्षण केलेली गाडी गेली. संध्याकाळच्या पुढच्या गाडीचं साधं तिकीट काढून आम्ही जनरलच्या डब्यात चढलो. मी एका पायावर, बायको कुणाच्या तरी ट्रंकेवर. गाडी हलता हलता काका फलाटावरून धावत आले, खिडकीच्या गजांतून लिलो चिवड्याचं पाकीट आत सरकवलं आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "आवजो, महाराज!"

डबा वळला. वरच्या फळीवर पाय सोडून बसलेल्या एकाने विचारलं, "कुठले महाराज?"

बायकोने माझ्याकडे बघितलंही नाही. "स्वयंपाकाचे," ती म्हणाली. "लग्नाची जेवणं करतात."

हे ऐकून मला लगेच बसायला जागा मिळाली. सुरतेपर्यंत मी तिघांना बासुंदीचा भाव सांगितला. विरारला उतरणाऱ्या एका गृहस्थाने तीनशे पानांचं काय घ्याल असं विचारून माझा नंबर मागितला. मी म्हणालो, "बघतो."

काकांच्या मुलीचं लग्न महिन्याभरापूर्वी झालं. राजवाड्यात नव्हे, त्यांच्या समाजाच्या वाडीत. पत्रिकेच्या पाकिटावर माझ्या नावाआधी 'श्रीमंत' लिहिलं होतं. आम्ही गेलो, आणि या वेळी दोन रात्री राहिलो. लॉजवर.

महाराष्ट्रातल्या समस्त गायकवाडांना विनंती, की वाडा जरूर बघावा. एका दिवसात उरकू नये. रविवर्म्यासाठी वेगळा वेळ ठेवावा, तर्री वाढवून मागू नये आणि फाटकाशी आडनाव न सांगता सरळ रांगेत उभं राहून तिकीट काढावं. सोमवारी जाऊ नये. सोमवारी राजवाडा बंद असतो.